खालची लाईन

बेळगावच्या कॅम्पात, पिरनवाडीच्या अंगाला, मिलिटरीच्या तारेच्या आत एक वसाहत आहे. तिथं बायका राहतात. पुरुष दिसतात ते रजेवर आलेले, पाहुण्यासारखे. घरात चहापत्तीचा डबा कुठं असतो तेही त्यांना विचारावं लागतं. ज्यांचे नवरे बर्फात नाहीतर वाळवंटात नेमलेले आणि ज्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही, त्यांच्या बायकापोरांसाठी ही घरं बांधलेली. सरकारी कागदात वसाहतीचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. रिक्षावाले मात्र 'बायकांची लाईन' म्हणतात आणि तेवढं सगळ्यांना कळतं.

जागा उताराची. वर टेकाडावर साहेबांचे कौलारू बंगले, फणसाच्या जुन्या झाडांत बुडालेले. मधल्या टप्प्यावर सुभेदारांची बैठी घरं. पुढं कुंड्या, गेरूनं रंगवलेले दगड. तिथून रस्ता वळून खाली उतरतो आणि नाल्याच्या काठाला जवानांच्या कुटुंबांचे चार मजली ब्लॉक एकामागं एक उभे आहेत. नाल्यापलीकडं भिंत, भिंतीवर काटेरी तार, आणि तारेपलीकडं पिरनवाडीची नवी घरं, दर वर्षी आणखी थोडी जवळ सरकलेली. त्या ब्लॉकांना खालची लाईन म्हणत. गढवाली, तेलुगू, हरयाणवी, मराठी, सगळ्या मुलखांच्या बायका तिथं एकाच जिन्यावरून चढायच्या उतरायच्या. भांडण हिंदीत व्हायचं, रडणं जिच्या तिच्या भाषेत.

पारमिता त्यांच्यातलीच एक. माहेर निपाणीचं. आईनं, कोंडाबाईनं, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढून तिला बीएड केलं होतं. नवरा बुद्धप्रिय हवालदार, दोन वर्षं उत्तरेला सीमेवर. सकाळी कॅम्पातल्या बालवाडीत शिकवायचं, दुपारी घर, संध्याकाळी फोनची वाट. सात नंबरच्या ब्लॉकात दुसऱ्या मजल्यावर ती राहायची आणि तिच्या दारासमोर रचनाचं दार होतं.

रचना खानापुराकडच्या एका खेड्यातली. घरची शेती, नवरा रविराज शिपाई, मुलगी ऋतिका नुकतं बोलायला लागलेली. रचना क्वार्टरमध्ये राहायला आली तेव्हा सोबत सासू होती, मालुबाई. पारमिता पहिल्याच दिवशी चहा घेऊन गेली. मालुबाईनं माहेरचं आडनाव विचारलं, ऐकलं, आणि "आत्ताच घेतलाय बाई" म्हणत कप बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सासू गावी गेली. ती गेल्या गेल्या रचना पारमिताच्या दारात.

"आक्का, कालचा चहा ऱ्हायलाय माझा," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन पाट ओढून बसली.

तेव्हापासून दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची. एकीची आमटी दुसरीकडं जायची. ऋतिकाला तर आपलं घर नेमकं कुठलं हे बरेच दिवस कळलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात ऋतिका सारखी तापायची. रविराजची रजा एकदा मंजूर होऊन रद्द झाली होती, दुसऱ्यांदा अर्ज केला तर वरच्यांनी माणसं कमी आहेत म्हणून पुढं ढकलली होती. नळाला दोन दिवसांआड पाणी. छताचा कोपरा ओला. रचना एकटी पोरीला काखेत घेऊन हॉस्पिटलात रांग लावायची, आणि संध्याकाळी फोन आला की सगळं त्याच्यावर निघायचं. दार उघडं असल्यामुळं पारमिताला ते ऐकू यायचं. एका संध्याकाळी तर रचना गॅलरीत उभी राहून जवळजवळ ओरडलीच.

"कवा येनार ते सांगू नगासा! दर खेपेला तेच. तुमी हाय काय आन न्हाय काय, आमाला सारखंच!"

पारमितानं कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बारीक केला आणि आपल्या कामाला लागली. त्यात थांबून ऐकावं असं काही नव्हतं. हेच वाक्य तिनं स्वतः गेल्या पंधरवड्यात बुद्धप्रियला ऐकवलं होतं. खालच्या मजल्यावरची गढवाली बाई ते पहाडीत म्हणायची, वरची तेलुगूत. त्या लाईनीत नवऱ्याशी बोलायची ती एक पद्धतच होती.

तीन-चार दिवसांनी, दुपारी, पोरं अजून शाळेत असताना, वरच्या रस्त्यावरून जिप्सी उतरली.

पाण्याचा टँकर यायचा त्या रस्त्यानं, कँटीनची गाडी यायची. पण जिप्सी, आणि तीत पुढं अधिकारी, मागं सुभेदार आणि त्यांच्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली सुभेदारीण, अशी आली की ती कशाला येते ते लाईनीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. कुणी कुणाला हाक मारली नाही. धुणं टाकून, पीठ लागलेल्या हातानं, बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. गाडी पाच नंबरवरून पुढं गेली तशी पाच नंबरच्या बायका खाली बसल्या. सहावरून पुढं गेली. सातपाशी थांबली.

पारमिता गॅलरीत होती. कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. जिन्यात बुटांचा आवाज वर येऊ लागला तशी ती दारात आली. पहिला मजला झाला. समोरच्या दारात रचना ऋतिकाला कडेवर घेऊन उभी होती. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि पारमिताच्या मनात एकच गोष्ट आली, तिकडं, तिकडं जाऊ दे. बूट वर आले. अधिकारी तरुण होता. त्यानं दोन्ही दारांवरचे नंबर वाचले आणि तो रचनाकडं वळला.

 पारमिता उंबऱ्यावर बसली, आणि जे वाटलं ते सुटका झाल्यासारखं होतं. मग समोरून रचनाचा आवाज आला आणि ती उठून धावली.

पहिला दिवस सगळी लाईन रचनाची झाली. कुणी ऋतिकाला नेलं, कुणी स्वयंपाक केला, कुणी नुसतं पाठीवर हात फिरवत बसलं. सुभेदारीणबाई तर तिच्याजवळून हललीच नाही. रविराज पोस्टवर असताना गोळी लागून गेला, एवढंच सांगितलं होतं. गावाकडं फोन गेले. सासरा भावकू शेतातून धावत आला म्हणे, आणि गावच्या पोरांनी संध्याकाळपर्यंत स्टँडवर मोठा बॅनर लावला: 'वीर जवान रविराज अमर रहे', खाली तिरंगा आणि रविराजचा लग्नातला फोटो.

दुसऱ्या दिवशी खरी बातमी आली. गोळी त्याच्याच रायफलीतली होती, आणि ती त्यानंच झाडली होती.

ती बातमी कुणी कुणाला सांगितली हे पारमिताला कळलं नाही, पण दुपारपर्यंत रचनाच्या घरातली गर्दी विरळ झाली. सुभेदारीण "घरी पाहुणे आलेत" म्हणून गेली ती परत आली नाही. डबे येणं थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. उलट खाली नळावर रचनाचा विषय निघाला की बायका आवाज उतरवायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, फोनवर काय झालं होतं? तुला काय माहीत? आणि विचारून झालं की घाईनं आपापल्या घरी जायच्या.

रविराजची पेटी सांब्र्याच्या विमानतळावर उतरली. पारमिता रचनाला धरून ॲम्ब्युलन्समागच्या गाडीतून गावाला गेली. पेटीसोबत युनिटमधला एक नायक आला होता. तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. स्टँडवर बॅनर नव्हता. बांबू तेवढे उभे होते आणि सुतळीची टोकं लोंबत होती. स्मशानात सलामी झाली नाही, बिगूल वाजला नाही. स्वतःच्या हातानं मरण घेतलेल्याला ते देत नाहीत, असं त्या नायकानं भावकूला हळू आवाजात समजावलं. पुढाऱ्यांपैकी कुणी आलं नाही. भावकूनं टोपी काढून हातात धरली होती आणि तो सारखा विचारत होता, "पन मिलिटरीतच होता न्हवं त्यो? डुटीवर होता न्हवं?"

आग दिल्यावर मालुबाई बायकांतून उठली. ती रचनासमोर येऊन उभी राहिली.

"काय बोललीस गं माझ्या लेकाला?"

रचना खाली बघत राहिली.

"फोनवर काय बोललीस त्याला? त्याच्या फोनात शेवटचं नाव तुजंच हाय म्हनं. हसत गेलता दिवाळीला. काय बोललीस, सांग समद्यांस्नी!"

"मामी, आत्ता नको," पारमिता मधे पडली.

"तू गप ऱ्हा. तुजं काय हाय इथं?"

 परतीच्या वाटेवर, गाडीत, ऋतिका मांडीवर झोपल्यावर रचना पारमिताला एवढंच म्हणाली, "आक्का, तेच बोललो मी. तुमी हाय काय न्हाय काय. त्याच्या फुडं त्यो कायबी बोलला न्हाय. 'बरं' म्हनाला. मी फोन ठेवला."

"रचना, ऐक. मी पण म्हणतो ते. सगळ्याच म्हणतो."

"व्हय," रचना म्हणाली. "पन तुमचं ऐकून त्यो मेला न्हाय."

महिन्याभरानं चौकशी लागली. रविराजच्या युनिटनं बेळगावात घरच्यांचे जबाब घ्यायला सांगितलं होतं, आणि वरच्या ऑफिसात एका मेजरची नेमणूक झाली होती. रचनाचा जबाब आधी झाला. मग शेजारीण म्हणून पारमिताला बोलावणं आलं.

आदल्या संध्याकाळी बुद्धप्रियचा फोन होता. त्याला ते आधीच कळलं होतं.

"काय विचारतील त्याला हो-नाही करून मोकळी हो," तो म्हणाला. "लई बोलू नको. माझं नायब सुभेदारचं चाललंय, तुला ठाऊकाय."

"त्याला रजा दिली नाही ते सांगू का नको?"

 "तुला जे बरं वाटेल ते कर," तो म्हणाला, पण तसं म्हणताना त्याचा आवाज पडला होता.

रात्रभर पारमितानं वाक्यं जुळवली. आपण शिकलेल्या आहोत, हिंदी नीट येतं, आपल्याला घाबरायचं कारण नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. खोटं बोलायचं नाही. रचना बोललीच नाही असं म्हटलं तर फोनचं कुणीतरी काढेल आणि मग सगळंच खोटं ठरेल. त्यापेक्षा खरं सांगायचं, की बोलली, पण त्या लाईनीत सगळ्याच तसं बोलतात. नवऱ्यावर जीव असतो म्हणून बोलतात. आणि रजेचं सांगायचं.

मेजर माणूस वाईट नव्हता. तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाजूला एक सुभेदार कॉम्प्युटरवर टंकायला बसला होता. बाहेर बाकावर रचना ऋतिकाला घेऊन बसली होती. तिला एकटीला घरी राहायचं नव्हतं.

"नवरा-बायकोत काही वाद ऐकलात तुम्ही?" मेजरनं हिंदीत विचारलं.

"वाद म्हणजे, सगळ्या घरांत असतात तेवढेच, सर."

"शेवटच्या आठवड्यात काही शब्द कानावर पडले?"

पारमितानं ठरवल्याप्रमाणं सांगितलं. रचना काय म्हणाली ते सांगितलं. मग सांगितलं, की सर, मी माझ्या नवऱ्याला हेच म्हणते. खालची म्हणते, वरची म्हणते. पोर आजारी, घर गळतंय, माणूस लांब. दुसरं कुणाला बोलणार? ह्यानं माणूस मरत असता तर ह्या लाईनीत एकही नवरा उरला नसता. बोलता बोलता तिचा आवाज चढला. मग तिनं रजेचं सांगितलं, एकदा रद्द झाली, एकदा ढकलली.

"रजेचं तुम्हाला रविराजनं सांगितलं?"

"नाही. रचनानं."

"म्हणजे ऐकीव."

"पण खरं आहे ते, सर. युनिटला विचारा."

"ते युनिटचं युनिट बघेल," मेजर शांतपणे म्हणाला. त्यानं सुभेदाराला खूण केली. सुभेदारानं कागद छापून घेतला आणि वाचून दाखवला. पारमिताचं नाव, नवऱ्याचं नाव, क्वार्टरचा नंबर. मग: मयताच्या पत्नीने घटनेपूर्वी फोनवर, तुम्ही असून नसून सारखेच, असे शब्द मोठ्या आवाजात वापरले ते मी स्वतः ऐकले. दोघांत घरगुती कारणावरून वाद होत असत.

वाचणं थांबलं.

"आणि पुढचं?" पारमिता म्हणाली. "मी पुढं बोलले ते?"

"ते तुमचं मत झालं, मॅडम. इथं तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं लिहितात." मेजरच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो थकल्यासारखा दिसत होता. "ह्यात लिहिलंय त्यातलं काही चूक आहे का?"

चूक काहीच नव्हतं. पारमिता कागदाकडं बघत राहिली. सही केली नाही तर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. बुद्धप्रियचं नाव वरच्या ओळीत होतं. सुभेदारानं पेन पुढं केलं. तिनं सही केली.

बाहेर आल्यावर रचनानं विचारलं, "झालं?"

"झालं," पारमिता म्हणाली आणि ऋतिकाला तिच्याकडून घेऊन पुढं चालू लागली. चौकशीत काय लिहिलं हे तिनं सांगितलं नाही. उद्या सांगू, असं म्हणत आठवडे गेले.

निकाल आला तो दोन शब्दांत: घरगुती कारण. रजेचा त्यात उल्लेख नव्हता. गावातल्या एका पेन्शनर हवालदारानं तो भावकूला समजावून सांगितला आणि तो ऐकून मालुबाईनं रचनाचे राहिलेले कपडे, भांडी आणि लग्नातला पाट माहेरच्या दारात नेऊन टाकला. माहेरी भाऊ-भावजय, त्यांनी पाट आत घेतला, रचनाला ये म्हटलं नाही.

आणि इकडं मधल्या टप्प्यावर, सुभेदारीणबाईनं रचनाला थांबवून मायेनंच सांगितलं, "तू तरी कुणावर विश्वास ठेवलास गं. तुझ्या शेजारणीनंच सही करून दिली आहे."

त्या दिवशी रचना घरी आली. पारमिता दारातच होती.  रचना आपल्या घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दोन वर्षांत दिवसाउजेडी ते दार पहिल्यांदा लागलं होतं. पारमितानं दोनदा ठोठावलं. आतून ऋतिका "आक्का, आक्का" करत होती. मग तिला कुणीतरी उचललं असावं.

दुसऱ्या दिवशी पारमिता त्या मेजरच्या ऑफिसात गेली. जबाब पुन्हा लिहून द्यायचाय म्हणाली. फाईल वर गेली, आता इथं काही नाही, असं तिला सांगण्यात आलं. सांगणारा कारकून मराठीच होता. तो हळूच म्हणाला, "वैनी, पुन्हा लिहिलं तरी तेच ऱ्हातंय. कशाला?"

क्वार्टर सोडायला मुदत होती, पण रचना ती संपायची वाट बघत बसली नाही. तिनं तारेपलीकडं पिरनवाडीत एक खोली घेतली. शहापुरातल्या साडीच्या दुकानातून फॉल-पिकोचं काम आणायची आणि घरी करायची. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा लाईनीतल्या बायका गॅलरीत उभ्या होत्या. मदतीला पारमिता एकटी खाली उतरली. रचनानं तिच्या हातातली बादली काढून घेतली, टेम्पोत ठेवली आणि ऋतिकाला घेऊन पुढं जाऊन बसली.

त्यानंतर खालच्या लाईनीत एक विचित्र गोष्ट झाली. बायका फोनवर गोड बोलायला लागल्या. पाणी येतंय, पोरं बरी आहेत, छताचं काम झालं, काळजी करू नका. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की चहूबाजूंनी, सगळ्या भाषांत, तेच ऐकू यायचं. वरच्या तेलुगू बाईच्या पोराचा हात मोडला, ते तिनं नवऱ्याला प्लास्टर निघेपर्यंत सांगितलं नाही. पारमिताही त्यातलीच झाली. बुद्धप्रियनं काहीही विचारलं तरी "सगळं बेस आहे" म्हणायची. 

पावसाळा सरता सरता बुद्धप्रिय रजेवर आला. नायब सुभेदाराचं अजून झालं नव्हतं. पहिले दोन दिवस त्यानं छताचा कोपरा दुरुस्त केला, पंखा साफ केला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं.

"एक सांगू? तू भांडत का नाहीस?"

"कशाला भांडू?"

"पोस्टवर ज्यांच्या बायका ह्या लाईनीत आहेत, त्या सगळ्यांच्या गोड बोलायल्यात. एका पोरानं तर मला विचारलं, अण्णा, घरी काय झालंय काय, बायको रागवतच न्हाय. आम्ही सगळे तिकडं घाबरलोय. तुमी खोटं बोलताय ते कळतंय, पण खरं काय ते कळत न्हाय. मला झोप लागत न्हाय पारू."

पारमितानं मग सगळं सांगितलं. जबाब, सही, दार लागलं ते. जिन्यात बूट वाजत होते तेव्हा मनात काय आलं होतं, तेही. बुद्धप्रिय ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं हात धुतले, शर्ट चढवला आणि म्हणाला, "चल."

पिरनवाडीची ती खोली एका गिरणीच्या मागं होती. दार उघडंच होतं. रचना मशीनवर वाकून साडीला फॉल लावत होती, कोपऱ्यात ऋतिका चिंध्यांशी खेळत होती. पारमिताला पाहून रचनाचे हात थांबले. मग तिच्यामागं बुद्धप्रिय दिसला आणि ती पदर सावरून उठली.

"या अण्णा. बसा."

तिनं पाणी दिलं. दोघांनाही दिलं. 

"रचना, मी त्या दिवशी..." पारमितानं सुरुवात केली.

"आक्का, तुमी खोटं लिवला न्हाईसा," रचना म्हणाली. "मी तेच बोललोतो. पन तुमी गप बसला असतासा तर मला बरं वाटलं असतं. एवढंच." मग ती बुद्धप्रियकडं वळली. "अण्णा, तुमाला एक इचारू? तितं कसं असतंय? त्यो कवा सांगायचा न्हाय."

बुद्धप्रियनं पेला खाली ठेवला. 

"पोस्ट उंचावर असते," तो म्हणाला. "पाच-सहा जण. खाली उतरायचं म्हणजे वाट साफ झाल्यावर. रडार-बिडार काय नसतंय, नुसतं बघत बसायचं. पहिला महिना माणूस बोलतो. मग बोलायचं सरतं. दुपारी ऊन पडलं की बर्फ इतका चकाकतो की डोळं मिटलं तरी दिसतो. रायफल सारखी हातात. मी पण एकदा..." तो थांबला. पारमितानं त्याच्याकडं पाहिलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. "एकदा बघत बसलोतो रायफलीकडं. बराच वेळ. मग चहा झाला म्हणून कुणीतरी हाक मारली."

"त्या दिवशी आक्का तुमाला बोललीती काय?"

"न्हाय. त्या दिवशी फोनच लागला नव्हता. काय कारणच नव्हतं."

रचना त्याच्याकडं टक लावून बघत होती. "मग त्यो माझ्या बोलण्यानं न्हाय गेला?"

 हो म्हणा, पारमिताला वाटलं, न्हाय गेला म्हणा, एवढं म्हणा.

"मला ठाऊक न्हाय, बाई," बुद्धप्रिय म्हणाला. "खोटं कशाला सांगू? तुझ्या बोलण्यानं गेला असंल, रजेनं गेला असंल, कशानंच न्हाय असंबी असंल. मी तिथं नव्हतो. तिथं असतो तरी कळलं असतं का, ठाऊक न्हाय."

रचनाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पण ती खाली बसली, भिंतीला टेकली, आणि तोंडाला पदर न लावता, आवाज न दाबता रडू लागली. गावात, लाईनीत, चौकशीत, कुठंच ती अशी रडली नव्हती. ऋतिका चिंध्या टाकून आईजवळ आली. पारमिता उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. रचनानं तिला जवळ घेतलं नाही, लांबही केलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. दुकानाचा माणूस येणार होता, साड्या द्यायच्या होत्या. ती मशीनवर जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवू लागली.

"पुन्ना येनार असशीला तर," दोऱ्याकडंच बघत ती म्हणाली, "दुपारचं यावा. ऋतिका झोपल्याली असते."

"येतो," पारमिता म्हणाली.

दोघं बाहेर पडली. मशीन पुन्हा चालू झालं होतं. पारमितानं भररस्त्यात बुद्धप्रियचा हात धरला होता, कुणी बघेल याची पर्वा न करता. त्याची रजा संपायला अजून थोडे दिवस होते.